चवथीला गोव्यातील मूळ घरी येणे आणि गाडीने परतणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातील अनेक हिंदू कुटुंबांत गणपती प्रत्येकाच्या बिऱ्हाडात वेगळा बसत नाही. तो मूळ घरी एकच बसतो, आणि पुणे, मुंबई, ठाणे, बेळगाव अशा ठिकाणी विखुरलेली भावंडे चवथीला त्याच्यापाशी एकत्र येतात. पुढील प्रश्न या भावंडांनी, त्यांच्या जोडीदारांनी आणि आता स्वतः गाडी चालवू लागलेल्या त्यांच्या मुलांनी विचारलेले आहेत. उत्तरे फोंडा तालुक्यातील एका मूळ घरात वर्षभर राहणाऱ्या माणसाने लिहिली आहेत, त्यामुळे ती घरच्यांच्या बाजूने लिहिलेली आहेत, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. परतीच्या प्रवासावर मुद्दाम अधिक लिहिले आहे, कारण येण्याची तयारी सर्वजण महिनाभर आधीपासून करतात आणि परतण्याचा विचार मात्र विसर्जनाच्या दुपारी, डब्यांत काय भरायचे हे ठरवताना सुरू होतो.

चवथीच्या किती दिवस आधी पोहोचावे?

हरताळिकेच्या आदल्या संध्याकाळपर्यंत पोहोचणे सर्वांना सोयीचे असते. हरताळिकेचा दिवस हा घरातील सर्वाधिक कामाचा दिवस आहे. त्या दिवशी माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळावेलींनी सजवलेली लाकडी चौकट, बांधून पूर्ण करायची असते, अनेक घरांत मूर्तीही त्याच संध्याकाळी चित्रशाळेतून, म्हणजे मूर्तिकाराच्या कार्यशाळेतून, आणली जाते, आणि स्त्रियांचे गौरीपूजन व उपवास असल्यामुळे स्वयंपाकघरात हात कमी असतात. चवथीच्या दिवशी दुपारी आरतीच्या वेळेला पोहोचणाऱ्या कुटुंबासाठी आरती थांबवून ठेवावी लागते, आणि दहा तास गाडीत बसून आलेल्या माणसाला अंघोळ आणि चहा देण्याचे काम नेमके नैवेद्याच्या घाईत येऊन पडते. ज्यांना रजा मोजकीच मिळते त्यांनी ती विसर्जनानंतर कमी करण्याऐवजी दोन्ही बाजूंना थोडी थोडी वाटून घ्यावी.

दीड दिवसाच्या गणपतीसाठी किती रजा घ्यावी?

चवथ, पंचमी, त्यानंतरचा एक पूर्ण दिवस आणि येण्याजाण्याचे दिवस, एवढी रजा धरावी. हा मधला एक दिवस का आवश्यक आहे, याचे उत्तर पुढे विसर्जनाच्या प्रश्नात सविस्तर दिले आहे. ज्यांना सात दिवस राहणे शक्य आहे त्यांनी सातव्या दिवशीचा कुंभारजुव्याचा सांगोड अवश्य पाहावा. होड्या एकमेकींना बांधून तयार केलेल्या सांगोडांवरून, निरनिराळी सोंगे घेऊन गणपती पाण्यातून नेला जातो, आणि तो सोहळा मुलांच्या स्मरणात कायमचा राहतो.

माटोळीसाठी आम्ही शहरातून काय आणावे?

काहीही आणू नये. गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या त्या लाकडी चौकटीला जे बांधले जाते ते याच मातीतले असावे, हीच माटोळीमागची दृष्टी आहे. नारळाचा घोस, सुपारीचा घड, आंब्याचे टाळे, कवंडळे, कांगणी, तोरिंगे, चिबूड आणि डोंगरातून शोधून आणलेली कितीतरी रानफळे व रानवेली तिच्यात असतात. फोंडा, म्हापसा, मडगाव आणि पणजी येथे चवथीच्या आदल्या दिवसांत माटोळीचा बाजार भरतो, आणि गावोगावच्या स्त्रिया पहाटे रानातून खुडलेल्या वस्तू तेथे विकायला आणतात. लवकर आलेल्यांनी त्या बाजाराला जावे, भाव करताना फार ताणू नये आणि प्रत्येक फळाचे नाव विक्रेतीलाच विचारावे. आमच्या घरातही ती सर्व नावे सांगू शकणारी माणसे आता थोडीच उरली आहेत, आणि मुलांनी ती ऐकून ठेवावीत असे मला मनापासून वाटते.

आम्ही पाहुणे आहोत की घरचे? स्वयंपाकघरात शिरावे की बाहेर बसावे?

आपण घरचे आहात, म्हणून शिरावे. हा प्रश्न बहुधा नव्या सुना आणि जावई संकोचाने विचारतात, परंतु त्याचे उत्तर सर्वांनाच लागू आहे आणि पुरुषांना विशेषतः लागू आहे. चवथीच्या दोन दिवसांत एका मूळ घरात तीस-चाळीस पाने सहज उठतात. पातोळ्यांसाठी हळदीची पाने धुऊन पुसायची असतात, तांदळाचे पीठ वाटायचे असते, गूळखोबऱ्याचे चून (सारण) शिजवायचे असते. खतखत्यासाठी कंद, सुरण, नीरफणस, भोपळा, मक्याची कणसे अशा कितीतरी भाज्या चिरायच्या असतात. मुगाची गाठी, मणगणे, नेवऱ्या, अळू यांचे काम वेगळेच. या सर्वांच्या मुळाशी नारळ आहे, आणि आदोळीवर (विळीवर) बसून नारळ खोवण्यासारखे काम कोणत्याही धडधाकट माणसाला तासाभरात जमते.

मी दरवर्षी पाहतो की बाहेरून आलेले भाऊ आणि मेहुणे बलकांवात (दारापुढच्या ओसरीत) बसून राजकारणावर बोलतात आणि आत तीन-चार स्त्रिया पहाटे चारपासून उभ्या असतात. हे बदलले पाहिजे, आणि ते बदलण्यासाठी कोणी सांगण्याची वाट पाहू नये. सोवळ्याचे नियम असतील तेथे घरच्या ज्येष्ठ काकींना विचारून त्यांच्या सांगण्याप्रमाणे करावे. पूजेचा स्वयंपाक सोवळ्यातला असला तरी पाणी काढणे, नारळ सोलणे, केळीची पाने पुसणे, पंगत वाढणे आणि नंतरची भांडी घासणे यांना सोवळ्याची आडकाठी नसते.

खर्चाचा वाटा कसा द्यावा?

मूर्ती, माटोळी, भटजींची दक्षिणा, किराणा, नारळ, गॅस आणि मदतनीसांची मजुरी यांचा एकत्रित हिशेब लिहून ठेवावा आणि तो कमावत्या कुटुंबांमध्ये वाटावा, ही पद्धत सर्वांत स्वच्छ आहे. निघताना आजीच्या हातात बंद पाकीट ठेवणे हा आदराचा भाग आहे, परंतु ते हिशेबातल्या वाट्याऐवजी धरू नये. मूळ घराची शाकारणी, वायरिंग, विहिरीचा पंप यांचा खर्च वर्षभर सुरू असतो. तो चवथीच्या खर्चात मिसळू नये, त्याच्याविषयी वेगळे बसून बोलावे, आणि तेही विसर्जन झाल्यानंतर. घराच्या मालकीविषयी काही बोलणे असेल तर ते या दिवसांत मुळीच काढू नये.

घरात झोपायला जागा पुरते का?

राजांगणाभोवतीच्या, म्हणजे घरामधल्या चौकाभोवतीच्या, खोल्या वयस्कर माणसांना आणि तान्ह्या मुलांच्या आयांना दिल्या जातात आणि बाकीच्यांच्या गाद्या वसऱ्यावर (पडवीत) पडतात. ज्यांना पाठीचा त्रास आहे त्यांनी तो आधीच कळवावा, संकोच करू नये. काही कुलदेवतांच्या देवस्थानांत अग्रशाळा (भक्तनिवास) आहेत, तेथे खोली मिळू शकते, परंतु या दिवसांत ती फार आधी सांगून ठेवावी लागते. पावसात वीज जाते आणि फोनला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून कार्यालयाचे काम सोबत घेऊन येऊ नये.

मुलांना कंटाळा येतो. त्यांना कशात गुंतवावे?

घुमटात. आरतीच्या वेळी मुलाच्या हातात झांजा द्याव्यात आणि दुसऱ्या दिवशी घुमट द्यावे. मातीच्या घटाच्या तोंडावर चामडे ताणून केलेले हे वाद्य २०१९ मध्ये गोव्याचे राज्य वारसा वाद्य म्हणून घोषित झाले. पूर्वी त्यासाठी घोरपडीचे चामडे वापरीत, आता वन्यजीवांच्या रक्षणासाठी बकऱ्याचे वापरतात. घुमट, शामेळ (काठ्यांनी वाजवायचे चर्मवाद्य) आणि कांसाळे (झांजा) यांच्या साथीने एकेक आरती बराच वेळ चालते, आणि त्या आरत्या बहुतांशी मराठीत असल्यामुळे शहरातल्या मुलांना शब्द ओळखीचे असतात, फक्त चाल आणि लय नवी असते. ज्या मुलांनी एका चवथीला ही लय पकडली ती पुढल्या वर्षी स्वतःहून विचारतात की आपण गोव्याला केव्हा निघणार.

याशिवाय अनेक घरांत पंचमीला नव्याची पूजा होते, म्हणजे शेतातून भाताच्या नव्या लोंब्या आणून देवापुढे ठेवल्या जातात. मुलांना त्या शेतापर्यंत न्यावे. बाकी वेळ त्यांना चिखलात खेळू द्यावे.

मासे केव्हा मिळतील?

विसर्जनानंतर. तोपर्यंत घरात शाकाहारच असतो, आणि बाहेर जाऊन खाऊन येणेही घरच्या वडीलधाऱ्यांना रुचत नाही.

कुलदेवतेच्या दर्शनाला जाताना काय लक्षात ठेवावे?

आमच्या अंत्रुज महालात, म्हणजे फोंडा परिसरात, इतकी देवस्थाने एकवटण्यामागे इतिहास आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने तिसवाडी, बार्देश आणि साष्टीतील देवळे पाडायला सुरुवात केली, तेव्हा भक्तांनी देव उचलून नदीपलीकडे आणले. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला आली. काही कुटुंबांत मूर्तीऐवजी कागदावरच्या गणपतीचे पूजन होते, त्याचे मूळही त्या छळाच्या काळात सांगितले जाते. हे मुलांना दर्शनाला नेताना सांगावे, कारण त्यावाचून त्यांना एवढेच दिसते की आपले कुटुंब एका गावचे आणि देव दुसऱ्या गावचा.

दर्शन चवथीच्या दिवशी ठेवू नये, त्या दिवशी घरून कोणी मोकळे नसते. विसर्जनानंतरचा दिवस त्यासाठी योग्य आहे. पोशाखाचे नियम देवस्थानागणिक वेगळे असले तरी अंगभर कपडे घातले की अडचण येत नाही.

विसर्जन झाल्यावर त्याच रात्री निघालो तर सकाळी घरी पोहोचतो आणि एक रजा वाचते. यात गैर काय आहे?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारला जातो. घाट उतरून आलेल्या प्रत्येकाने त्याचे उत्तर शांतपणे वाचावे.

पंचमीच्या संध्याकाळी विसर्जन होऊन माणसे घरी परततात तेव्हा रात्रीचे आठ-नऊ वाजलेले असतात. जो माणूस गाडी चालवणार तो दोन दिवस अपुरा झोपलेला असतो, उपवास आणि जड जेवण यांच्या मध्ये त्याचे पोट बिघडलेले असते, आरत्यांनी घसा बसलेला असतो आणि मूर्ती पाण्यापर्यंत नेऊन खांदे दुखत असतात. अशा माणसाने पावसात, काळोखात, धुक्यातून घाट चढायचा आणि पहाटे दोन ते पाच या वेळेत, जेव्हा झोप अनावर होते, तेव्हा महामार्गावर मालमोटारींच्या मधून गाडी हाकायची, हे त्याच्यावर आणि मागे झोपलेल्या मुलांवर अन्याय करणारे आहे. जागरण झालेल्या चालकाला आपण पेंगतो आहोत हे कळण्याच्या आधीच डोळा लागलेला असतो. कॉफी, मोठ्या आवाजातली गाणी, उघडी खिडकी यांनी झोप जात नाही, काही मिनिटे पुढे ढकलली जाते.

पावसाळ्यातल्या रात्रीचा आणखी एक धोका असा की पाणी किती चढले आहे हे दिसत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील जुना पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी बसगाड्या व इतर वाहने प्रवाशांसह वाहून गेली. नवा पूल वर्षभरात उभा राहिला, परंतु त्या रात्रीने शिकवलेली सावधगिरी कोकणातून प्रवास करणाऱ्या प्रत्येकाने बाळगली पाहिजे. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर ते उथळ आहे असे गृहीत धरून गाडी घालू नये, मग पुढची गाडी पार झालेली का दिसेना.

दुसरे कारण घरातल्यांचे आहे. विसर्जनानंतर मखर रिकामे असते, माटोळी उतरवायची असते, भांड्यांचे ढीग असतात, आणि दोन दिवस माणसांनी गजबजलेले घर एका तासात ओस पडते. ज्यांचे वय झाले आहे त्यांना ते फार जड जाते. एक दिवस थांबलात तर माटोळीची फळे वाटली जातात, मखर उतरवून माळ्यावर चढते, आजी दोन दिवसांनी प्रथम निवांत बसते आणि ज्यासाठी आपण सहाशे किलोमीटर आलात ते बोलणे त्या दिवशीच होते. चवथीच्या दोन दिवसांत आजीशी कोणाचेही धड बोलणे झालेले नसते, कारण ती चुलीपाशी असते.

पुण्याला परतताना कोणता घाट घ्यावा?

पणजी ते पुणे हे अंतर सुमारे ४५० किलोमीटर आहे आणि थांबे धरून नऊ ते दहा तास लागतात, असे मानून निघावे. सह्याद्री चढण्याचे मार्ग अनेक आहेत आणि कोणता घ्यावा हे आपले मूळ घर गोव्याच्या कोणत्या भागात आहे यावर अवलंबून आहे.

पेडणे, बार्देश आणि डिचोलीच्या बाजूने निघणाऱ्यांना पत्रादेवीहून बांदा, सावंतवाडी, आंबोली, आजरा, गडहिंग्लज आणि संकेश्वर हा मार्ग बरा पडतो. आंबोली हे महाराष्ट्रातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक आहे, त्यामुळे धुके जवळजवळ निश्चित धरावे. आठवड्याच्या शेवटी धबधब्यापाशी पर्यटकांच्या गाड्या रस्त्यातच उभ्या राहतात, म्हणून शनिवार-रविवारी तो टप्पा सकाळी नऊच्या आत पार करावा.

सत्तरी, डिचोली आणि फोंड्याच्या उत्तर भागातून चोर्ला घाट जवळचा आहे. साखळी, केरी, चोर्ला, कणकुंबी, जांबोटी असे करीत बेळगाव येते. वाटेत अंजुणे धरणाचे दृश्य अतिशय सुंदर दिसते. मात्र कर्नाटकाच्या हद्दीतला कणकुंबी ते जांबोटी हा टप्पा पावसात खड्ड्यांसाठी ओळखला जातो, आणि जंगलातून जाताना बराच वेळ फोन लागत नाही. पुढच्या चाकाची हवा आणि स्टेपनी घरीच पाहून घ्यावी.

फोंडा, सांगे, धारबांदोडा आणि दक्षिण गोव्यातून मोलेमवरून अनमोड घाट चढून रामनगर, खानापूर मार्गे बेळगाव गाठता येते. हा मार्ग अभयारण्यातून जातो, अवजड वाहने अधिक असतात आणि पावसाळ्यात येथे दरडी कोसळण्याचे प्रकार होतात. आदल्या रात्री वाहतूक सुरू असल्याची खात्री केल्याशिवाय हा मार्ग घेऊ नये.

दोडामार्गहून चंदगडकडे जाणारा तिलारीचा घाट नकाशावर जवळचा दिसतो, परंतु तेथील चढ अतिशय तीव्र आणि वळणे अगदी आवळलेली आहेत. भरलेली गाडी आणि नवखा चालक असेल तर फोनने तो मार्ग सुचवला तरी तो टाळावा. कोल्हापुरातच मुक्काम करायचा असेल तर कणकवलीहून फोंडा घाटाने राधानगरीमार्गे जाणे हा रमणीय पर्याय आहे. हा फोंडा सिंधुदुर्गातला आहे, आमचा नव्हे, आणि पत्ता टाकताना या दोन नावांचा घोळ होतो.

घाट चढून वर आल्यावर निपाणी, कागल, कोल्हापूर, कराड, सातारा आणि खंबाटकीचा बोगदा हा राष्ट्रीय महामार्ग ४८ सर्वांच्या परिचयाचा आहे. कागल ते सातारा या पट्ट्यात सहापदरीकरणामुळे रस्ता जागोजागी वळवलेला असतो, तेथे वेग आपोआप कमी होतो. तेवढा वेळ हिशेबात धरावा.

मुंबईला जाणाऱ्यांनी कोकणातून जावे की घाटावरून?

अंतराने कोकणातला राष्ट्रीय महामार्ग ६६ सरळ आहे, पणजीहून सुमारे ५९० किलोमीटर. सिंधुदुर्गातला चौपदरी रस्ता उत्तम आहे, कशेडीच्या बोगद्याने जुना घाट टळतो. परंतु चौपदरीकरणाचे काम अनेक वर्षे रेंगाळले आहे, रत्नागिरी जिल्ह्यात ते तुटक तुटक आहे, आणि माणगावच्या बाजारपेठेतली कोंडी सणाच्या दिवसांत तासन्‌तास सुटत नाही.

त्यातही एक गोष्ट गोमंतकीयांच्या लक्षात येत नाही. आपण परततो त्याच दिवसांत सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीतले लाखो चाकरमानी परतत असतात. दीड दिवसाच्या गणपतीनंतर आणि पुन्हा गौरी-गणपतीच्या विसर्जनानंतर हा मार्ग भरून वाहतो. त्या दिवसांत निघणाऱ्यांनी आंबोली चढून कोल्हापूर, पुणे आणि द्रुतगती महामार्ग असे जावे. किलोमीटर वाढतात, पथकर वाढतो, परंतु रस्ता वाहता राहतो आणि वाटेत मुक्कामासाठी शहरे मिळतात. लहान मुले आणि वृद्ध सोबत असतील तर कोल्हापूर किंवा कराड येथे एक रात्र थांबावे.

घाटात धुके असेल तर गाडी कशी चालवावी?

खालचा प्रकाशझोत लावावा, कारण वरचा झोत धुक्यावर आपटून डोळ्यांवरच येतो. चालत्या गाडीचे चारही इशारादिवे लावून ठेवू नयेत, त्यामुळे आपण वळणार की थांबणार हे मागच्याला समजत नाही. काचेवर आतून वाफ धरते, ती घालवण्यासाठी वातानुकूलनाची हवा काचेकडे वळवावी. वळणावर हॉर्न द्यावा आणि ओलांडून पुढे जाण्याचा मोह पूर्णपणे सोडावा. अरुंद जागी समोरासमोर आल्यास घाट चढणाऱ्या वाहनाला प्राधान्य असते, असा नियमच आहे. येताना म्हणजे उतरताना हा नियम आपल्याकडून अधिक संयम मागतो. उतरताना ज्या गिअरमध्ये तो चढ चढलो असतो त्याच गिअरमध्ये गाडी ठेवावी, सतत ब्रेक दाबून ते तापवू नयेत.

इंधन, पथकर आणि कागदपत्रे यांचे काय?

गोव्यातला इंधनावरचा कर कमी असल्यामुळे टाकी सीमा ओलांडण्यापूर्वी भरून घ्यावी. फास्टॅग फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा आहे, त्यात आदल्या रात्रीच पैसे भरावेत, कारण घाटात रेंज नसते. अलीकडच्या वर्षांत महाराष्ट्र शासन गणेशोत्सवात कोकणाकडे जाणाऱ्या वाहनांना पथकरमाफीचे पास देत आले आहे, ते वाहतूक पोलीस किंवा परिवहन कार्यालयातून निघण्यापूर्वी घ्यायचे असतात. मागच्या आसनावर बसलेल्यांनाही पट्टा बांधणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि आजीला साडीवरून पट्टा बोचतो म्हणून तो सोडू नये, मध्ये टॉवेलची घडी ठेवावी.

डब्यांत काय न्यावे?

नेवऱ्या न्याव्यात, त्या आठवडाभर टिकतात. पातोळ्या आणि खतखते नेऊ नये, ओल्या खोबऱ्याचे पदार्थ त्या प्रवासात आंबतात. हळदीची पाने वर्तमानपत्रात गुंडाळून नेली तर घरी एकदा पातोळ्या करता येतात. सोले (वाळवलेली कोकमे), उकडे तांदूळ, घरचे नारळ, लोणचे हे द्यायला आम्हाला आनंदच आहे. विकत घ्यायचे असेल तर खोलची मिरची, मयड्याची केळी आणि खाजे घ्यावे, या तिन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. नारळ पिशवीत बांधून डिकीत खाली रचावेत, मोकळे ठेवले तर प्रत्येक वळणावर गडगडतात आणि चालकाचे लक्ष जाते.

काजूची फेणी नेता येते का?

परवान्याशिवाय नेऊ नये. बांद्याजवळ इन्सुली नाक्यावर उत्पादन शुल्क विभागाची तपासणी असते, आणि एका बाटलीसाठी सगळ्या कुटुंबाला रस्त्यावर ताटकळत ठेवणे बरे नव्हे.

वाटेत खाणे आणि मुलांचे वळणांतले आजारपण?

निघताना मुलांना दूध देऊ नये. पोदेराकडचे (गावच्या पाववाल्याकडचे) पाव आणि सुकी भाजी बरोबर असावी, आमसूल किंवा आल्याचा तुकडा चघळायला द्यावा आणि घाटात मुलांना फोन पाहू देऊ नये. दर दोन तासांनी सर्वांनी खाली उतरावे, चालकाने तर नक्कीच.

गाडी बंद पडली किंवा दरड कोसळली तर?

गाडी शक्य तेवढी कड्यापासून आणि दरडीच्या बाजूपासून दूर न्यावी, माणसांना बाहेर काढून सुरक्षित जागी उभे करावे. राष्ट्रीय महामार्गावरच्या मदतीसाठी १०३३, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसह सर्व तातडीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. मार्ग बंद असेल तर उलट फिरून मूळ घरी यावे. रात्री दहा वाजता परत आलात तरी दार उघडेल आणि गरम जेवण मिळेल, याविषयी मनात जराही संकोच नसावा.

निघताना आजीला सोबत शहरात न्यावे का?

हा प्रश्न बहुधा शेवटच्या सकाळी, सामान गाडीत चढल्यावर, प्रेमापोटी विचारला जातो आणि म्हणूनच त्याचे उत्तर घाईत दिले जाते. आजी आधी नको म्हणते, मग सर्वांच्या आग्रहाखातर दोन लुगडी पिशवीत भरते आणि आंबोली चढताना तिचे डोके फिरू लागते. सणाच्या श्रमांनंतर लगेच दहा तास गाडीत बसणे ऐंशीच्या घरातल्या माणसाला सोसत नाही. पाय सुजतात, लघवीला थांबता येईल अशी स्वच्छ जागा नसते म्हणून ती पाणीच पीत नाही, आणि शहरात पोहोचल्यावर आठवडाभर अंथरुणावर असते.

न्यायचे असेल तर विसर्जनानंतरच्या त्या मोकळ्या दिवशी तिला एकटीला विचारावे, आणि ती जे सांगेल ते मान्य करावे. हो म्हणाली तर दिवाळीनंतर, पाऊस सरल्यावर, रेल्वेने न्यावे. आरक्षण साठ दिवस आधी उघडते. पुण्यासाठी वास्कोहून सुटणारी गोवा एक्स्प्रेस मडगाव, लोंढा, बेळगाव, मिरज मार्गे जाते, मुंबईसाठी मडगाव, करमळी किंवा थिवीहून कोकण रेल्वेच्या गाड्या आहेत. खालचा बर्थ घ्यावा आणि कुटुंबातल्या एकाने तिला नेण्यासाठी यावे. तिची औषधे महिनाभराची भरून घ्यावीत, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवावी. ती नसताना तुळशीपाशी आणि देवघरात दिवा कोण लावणार, गुरांना कोण पाहणार, किल्ली कोणाकडे राहणार, हे तिच्यासमोर ठरवावे, कारण ते ठरल्याशिवाय तिला तिकडे झोप लागत नाही. आणि परतीचे तिकीटही त्याच दिवशी काढून तिच्या हातात द्यावे.